धरमपेठ किंवा रामदासपेठ, ब्रोकर नको

प्रश्न : ताई नमस्कार. मी मानेवाड्याला राहतो, इंजिनीअरिंग झालं आणि आता आम्ही दोघं मित्र मिळून भाड्याच्या खोल्या शोधायची एक छोटी वेबसाईट बनवून राहिलो, मुख्य म्हणजे मिहान आणि हिंगण्याकडे नोकरीला येणाऱ्या पोरापोरींसाठी. सर्च बॉक्स साधा आहे, जे टाकलं ते स्पेसवर तोडायचं, प्रत्येक तुकड्याला एसक्यूएलचं (डेटाबेसच्या भाषेतलं) लाईक लावायचं, म्हणजे तो तुकडा जाहिरातीत आहे का ते पाहायचं, आणि मधात अँड टाकायचा, बस. पण लोकं असं टाकून राहिले: धरमपेठ किंवा रामदासपेठ वनबीएचके -ब्रोकर. आणि रिझल्ट शून्य, कारण आमचा कोड "किंवा" हा शब्दच जाहिरातीत शोधत बसते. मग मी "किंवा" दिसला की ऑर टाक, मायनस दिसला की नॉट टाक असं रिप्लेस मारून पाहिलं, साधं असलं की चालते पण कंस आले की सगळं बिघडते. मित्र म्हणते एक्स्प्रेशन ट्री बनव. म्हणजे नेमकं काय करायचं, आणि आमच्या एवढ्याशा साईटला त्याची खरंच गरज आहे का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, गरज आहे, आणि साईट लहान आहे म्हणून तर आत्ताच करून घ्या, कारण जाहिराती वाढल्या आणि चार ठिकाणी रिप्लेस मारून झाले की मग त्या कोडला हात लावायची हिंमत होत नाही. मित्र बरोबर सांगून राहिला.

आधी माझ्यासोबत काय झालं ते सांगते, म्हणजे रिप्लेसवाल्या रस्त्यात खड्डा नेमका कुठे आहे ते दिसेल. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांसाठी मी अशीच खोल्यांची यादी केली होती. प्रत्येक जाहिरातीला "चालू" असा एक कॉलम होता, खोली गेली की तो बंद करायचा. माझी क्वेरी सुरू व्हायची "चालू आहे अँड" पासून आणि पुढे माणसानं टाकलेलं जे असेल ते चिकटवायचं. एकानं दोन एरिया टाकले, मधात "किंवा". तयार झालं असं: चालू आहे अँड एरिया धरमपेठ ऑर एरिया मानेवाडा. आता एसक्यूएलमध्ये अँडची पकड ऑरपेक्षा घट्ट असते, म्हणून डेटाबेसनं ते वाचलं असं, की एकतर चालू असलेली धरमपेठची खोली, नाहीतर मानेवाड्याची कुठलीही खोली, चालू असो की बंद. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, पानावर भरपूर रिझल्ट, सगळं छान दिसून राहिलं. मानेवाड्यातल्या एका आजीची खोली कधीचीच गेली होती, पण त्यांना रोज फोन, सकाळी सातलाही. त्यांनी शेवटी मलाच फोन लावला आणि म्हणाल्या, "पोरी, खोली दिली म्हणून सांगून सांगून माझा घसा बसला." एक कंस राहिला होता, बस एवढंच. पण तो कंस "राहू शकतो" अशीच ती पद्धत होती, मी मजकुराला मजकूर चिकटवत होते नं.

झाड, म्हणजे तुमचा मित्र म्हणतो तो एक्स्प्रेशन ट्री, केलं की हा प्रकार होऊच शकत नाही, कारण झाडात कंस नसतातच, कोण कोणाच्या पोटात आहे ते फांद्यांवरूनच ठरतं. तुमच्या त्या ओळीचं झाड असं: सगळ्यात वर "आणि" ची एक गाठ, तिला तीन फांद्या. पहिल्या फांदीवर "किंवा" ची गाठ आणि तिच्याखाली दोन पानं, धरमपेठ आणि रामदासपेठ. दुसरी फांदी म्हणजे नुसतं पान, वनबीएचके. तिसरीवर "नाही" ची गाठ आणि तिच्याखाली एकच पान, ब्रोकर. एका ओळीत लिहायचं तर

आणि( किंवा(धरमपेठ, रामदासपेठ), वनबीएचके, नाही(ब्रोकर) )

आता "चालू आहे" ची अट लावायची म्हणजे काय, तर या सगळ्या झाडाच्या डोक्यावर अजून एक "आणि" ची गाठ ठेवायची, एका बाजूला "चालू", दुसऱ्या बाजूला हे अख्खं झाड. माणसानं आत काहीही लिहिलेलं असो, त्यातलं काहीच बाहेर सांडत नाही.

म्हणजे काम तीन टप्प्यांचं आहे: ओळीचे तुकडे करायचे, तुकड्यांचं झाड करायचं, झाडावरून एसक्यूएल काढायचं. पहिला टप्पा लोकं दोन मिनिटांचा समजतात आणि मराठीत सगळा घोळ तिथंच होतो, त्यामुळे तिथं जरा थांबते.

तुकडे करायला बरेच जण रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरातले नमुने शोधायची खुणांची भाषा) बॅकस्लॅश डब्ल्यू वापरतात. जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोर एवढाच, देवनागरी त्याला दिसतच नाही. मग कोणीतरी सांगतं की युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या मानकाचा, "लेटर" हा वर्ग वापर. तोही पुरत नाही, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत हे युनिकोडच्या हिशेबात लेटर नाहीत, ते "मार्क" या वेगळ्या वर्गात आहेत. नुसता लेटर घेतला की "धरमपेठ" चे दोन तुकडे पडतात, "धरमप" आणि "ठ". "रामदासपेठ" चे चार, र, मद, सप, ठ. आणि "भाडे" चे राहतात भ आणि ड. हे मी स्क्रीनवर पाहिलं तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं, आपली भाषा मशीनच्या दातात सापडल्यासारखी. उपाय सोपा आहे, लेटर आणि मार्क दोन्ही वर्ग घ्या, सोबत आकडे. पण त्याहून चांगला उपाय उलटा विचार करण्यात आहे: शब्द कशाने बनतो ते सांगूच नका, शब्द कशाने तुटतो तेवढं सांगा. स्पेस, कंस, अवतरणचिन्ह, उभी रेघ, एवढ्यांनी तुटतो, बाकी जे काही आलं ते सगळं शब्दात. एक एक अक्षर पुढे सरकत वाचणारा साधा लूप लिहा, तीस-चाळीस ओळींत होतो आणि वाचायलाही सोपा राहतो.

मायनसचं नीट ठरवा. तो शब्दाच्या सुरुवातीला असेल आणि त्याच्या आधी स्पेस, कंस किंवा ओळीची सुरुवात असेल तरच तो "नाही" चा मायनस. "वर्धा-रोड" मधला नाही. नाहीतर माणूस वर्धा रोडवरची खोली शोधेल आणि तुम्ही त्याला "वर्धा" असलेल्या पण "रोड" नसलेल्या खोल्या दाखवाल. एकटाच पडलेला मायनस, दोन्हीकडे स्पेस, तो सोडून द्या. मोबाईलचा कीबोर्ड कधी कधी साध्या मायनसच्या जागी लांब डॅश देतो आणि सरळ अवतरणाच्या जागी वळलेली अवतरणं देतो, ती सगळी आधीच एकसारखी करून घ्या.

अजून एक, हे आपल्या भाषेत हमखास येतं. "दुसऱ्या मजल्यावर" यातला ऱ्य दोन प्रकारे टाईप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर आणि पुढे हलंत, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मग झिरो विड्थ जॉइनर म्हणून एक न दिसणारं चिन्ह. डोळ्याला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, एनएफसी, हे दोन्ही एक करत नाही. ते तुम्हालाच करावं लागतं, आणि न दिसणारी चिन्हं सरसकट पुसून टाकायच्या आधी करावं लागतं, कारण नुसता जॉइनर पुसला तर ऱ्याचा र्या होतो. हेच फंक्शन जाहिरात सेव्ह करतानाही चालवा. एकीकडे धुतलेलं आणि एकीकडे न धुतलेलं, असं ठेवलं तर काहीच जुळत नाही. आकड्यांचंही तसंच, कोणी भाडं ८००० देवनागरीत लिहील, कोणी इंग्रजीत. पायथॉनचा इंट देवनागरी आकडे वाचतो, जावास्क्रिप्टचा नंबर वाचत नाही, नॅन, म्हणजे "हा आकडा नाही", असं देतो.

तर तुकडे झाले. आता झाड. त्याच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो कोडचा नाही, माणसांचा आहे: "धरमपेठ किंवा रामदासपेठ वनबीएचके" यात स्पेसची पकड जास्त की "किंवा" ची? प्रोग्रामिंगचा रिवाज म्हणतो "आणि" आधी, "किंवा" नंतर, जसं २ + ३ × ४ म्हणजे १४ होतात, २० नाही. हा रिवाज जुना आहे, जॉर्ज बूलनं १८५४ च्या आपल्या पुस्तकात "आणि" ला गुणाकारासारखंच लिहिलं होतं. पण हा रिवाज तुमच्या ओळीला लावला तर अर्थ होतो: धरमपेठची कुठलीही खोली, नाहीतर रामदासपेठची वनबीएचके. ओळ टाकणाऱ्या पोराच्या मनात हे होतं का? नव्हतं. त्याला वनबीएचकेच पाहिजे, दोनपैकी कुठल्याही एरियात. माणूस "किंवा" लिहितो तेव्हा त्याच्या लगेच अलीकडच्या-पलीकडच्या शब्दांपुरता बोलत असतो. म्हणून माझं मत आहे की खोल्यांच्या साईटवर "किंवा" ची पकड स्पेसपेक्षा घट्ट ठेवा. हे सगळीकडे बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, वकिलांच्या शोधयंत्रात मी उलट करीन, पण तुमच्याकडे हेच. काहीही ठरवा पण ठरवा. ल्युसीनचा जुना क्लासिक पार्सर (पार्सर म्हणजे ओळीचं झाड करणारा कोड) पाहा, सर्चचं एवढं नावाजलेलं सॉफ्टवेअर, १९९९ पासूनचं, पण त्याच्यात "अ ऑर ब अँड क" लिहिलं की ब आणि क सक्तीचे होतात आणि अ ऐच्छिक, म्हणजे आपण शाळेत शिकलेली कुठलीच पकड तिथं लागत नाही, आणि नवीन माणूस दर वेळी त्यात फसतो.

निर्णय झाला की नियम चार ओळीत बसतात.

चौकशी = गट, गट, गट… (मधात नुसती स्पेस)
गट = एक, आणि हवं तर पुढे "किंवा" एक, "किंवा" एक…
एक = मायनस आणि मूळ, नाहीतर नुसतं मूळ
मूळ = शब्द, नाहीतर अवतरणातला मजकूर, नाहीतर कंस उघडा, आत पूर्ण चौकशी, कंस बंद

जो जास्त खाली त्याची पकड जास्त घट्ट, एवढं लक्षात ठेवलं की झालं. प्रत्येक ओळीचं एक फंक्शन लिहा, चार फंक्शनं. "चौकशी" वालं "गट" ला बोलावते, "गट" वालं "एक" ला, "एक" वालं "मूळ" ला, आणि "मूळ" ला कंस दिसला की ते परत "चौकशी" ला बोलावते, तिथं गोल पूर्ण होतो. तुम्हाला कंस छळत होते नं, ते या एका परत बोलावण्यात सुटतात. याला रिकर्सिव्ह डिसेंट म्हणतात. तुमची ओळ हातानं चालवून पाहा: "गट" नं धरमपेठ घेतलं, पुढे डोकावून पाहिलं तर "किंवा", तो गिळला, रामदासपेठ घेतलं, पुन्हा डोकावलं तर वनबीएचके, तो "किंवा" नाही, म्हणून दोन पानांची "किंवा" गाठ बांधून वर दिली. "चौकशी" नं ती ठेवून घेतली, पुढचा गट मागितला, वनबीएचके आलं. पुढचा गट, मायनस दिसला, ब्रोकरला "नाही" च्या गाठीत गुंडाळून दिलं. तुकडे संपले. एकदा कागदावर असं करून पाहा, पेन घेऊन, मग कोड आपोआप हातातून येतो.

दुसरीही एक पद्धत आहे, शंटिंग यार्ड, एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६१ साली अल्गोल ६० च्या कंपायलरसाठी मांडलेली. नाव रेल्वेच्या यार्डावरूनच आहे, आणि अजनीच्या पुलावर उभं राहून ज्यानं डबे बाजूच्या लाईनीवर ढकलून मग पाहिजे त्या क्रमानं जोडताना पाहिले असतील त्याला ती लवकर समजते: शब्द सरळ पुढे जातात, "आणि-किंवा" बाजूच्या रुळावर थांबतात आणि कमी पकडीचा कोणी आला की पुढे निघतात. सुंदर आहे. पण स्पेस म्हणजे न लिहिलेला "आणि", तो तिथं आधी तुम्हाला स्वतः घालावा लागतो, आणि अर्धवट लिहिलेली ओळ सांभाळणं मला तिथं जड गेलं, म्हणून सर्चसाठी मी चार फंक्शनंच लिहिते.

तिसरा टप्पा सोपा. झाडावरून खाली उतरत जायचं, "आणि" ची गाठ असेल तर फांद्यांचं एसक्यूएल घेऊन मधात अँड आणि बाहेर कंस नेहमी, "किंवा" ला ऑर, "नाही" ला नॉट. पानाजवळ आलात की माणसाचा शब्द एसक्यूएलमध्ये कधीच लिहायचा नाही, तिथं फक्त प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि शब्द वेगळ्या यादीत पॅरामीटर म्हणून द्यायचा. हे तुम्हाला माहीत असेल, तरी सांगते, कारण रिप्लेस मारणारा कोड पाहिला की मला आधी एसक्यूएल इंजेक्शनचीच, म्हणजे सर्च बॉक्समधून कोणी डेटाबेसला भलताच हुकूम देईल याचीच, भीती वाटते. लाईकमध्ये टक्का आणि अंडरस्कोर यांना खास अर्थ असतो, ते एस्केप करा. आणि "नाही" च्या गाठीत एक लपलेला खड्डा आहे: ज्या जाहिरातीत वर्णन भरलेलंच नाही, म्हणजे नल आहे, तिथं "वर्णनात ब्रोकर नाही" याचं उत्तर डेटाबेस हो देत नाही, नल देतो, आणि ती जाहिरात यादीतून गायब होते. ब्रोकर नसलेलीच खोली, पण "ब्रोकर नको" म्हटलं की दिसत नाही. एसक्यूएलचं कोअलेस हे फंक्शन लावून नलच्या जागी रिकामी स्ट्रिंग द्या.

झाड हातात असलं की अजून एक गोष्ट फुकटात मिळते. आपल्याकडे कोणी सीताबर्डी लिहितं, कोणी नुसतं बर्डी. कोणी भाडं म्हणतं, कोणी किराया. वनबीएचके चार प्रकारे लिहितात. एसक्यूएल काढायच्या आधी झाडावरून एक फेरी मारा आणि "सीताबर्डी" हे पान दिसलं की त्या जागी किंवा(सीताबर्डी, बर्डी) अशी गाठ बसवा. मजकुरात हे केलं असतं तर परत कंसांचा तोच ताप. इथं एक पान काढून तिथंच एक डहाळी लावली, शेजारच्या फांदीला धक्का नाही.

तयार काही वापरू का, असं विचाराल. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर ११ व्या आवृत्तीपासून त्यात वेबसर्च टू टीएसक्वेरी नावाचं फंक्शन आहे, अवतरण, मायनस आणि इंग्रजी ऑर समजते, आणि माणसानं काहीही वेडंवाकडं टाकलं तरी एरर देत नाही, हा त्याचा गुण मला फार आवडतो. पण कंस ते सोडून देते, "किंवा" त्याला माहीत नाही, आणि पकड त्याची, तुमची नाही. इंग्रजी साईट असती तर मी तेच घ्या म्हटलं असतं.

प्रश्न : मी एका वाचनालयाच्या पुस्तकांची यादी ऑनलाईन करते आहे. इंग्रजी सर्चमध्ये अँड, ऑर, नॉट कॅपिटलमध्ये लिहिलं की ते ऑपरेटर, स्मॉलमध्ये लिहिलं की साधे शब्द, असं वाचलं. मराठीत कॅपिटलच नाही, मग "आणि", "किंवा" हे पुस्तकाच्या नावातले शब्द आहेत की ऑपरेटर हे कसं ओळखायचं? आणि लोक "कादंबरी नको" असंही लिहितात, त्याचं काय करू?
— एक वाचक, कामठी

उत्तर : ताई, हा प्रश्न मला खूप आवडला, कारण इंग्रजी उदाहरणं पाहून केलेला पार्सर इथंच अडतो. ल्युसीनसारख्या ठिकाणी कॅपिटलची सोय आहे ती आपल्या लिपीत नाही हे खरं. म्हणून शब्द पाहू नका, जागा पाहा.

"किंवा" ला ऑपरेटर तेव्हाच माना जेव्हा त्याच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे काहीतरी शोधण्यासारखं आहे. ओळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी एकटा आला तर तो साधा शब्द. अवतरणात आला तर नेहमीच साधा शब्द, म्हणजे ज्याला पुस्तकाचं पूर्ण नावच शोधायचं आहे त्यानं अवतरणात टाकलं की काम होतं, आणि ही एक ओळ सर्च बॉक्सच्या खाली बारीक अक्षरात लिहून ठेवा.

"आणि" बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, त्याला ऑपरेटर करूच नका. स्पेस म्हणजे "आणि" आहेच. पुस्तकांच्या नावांत "आणि" भरपूर येतो, "अमुक आणि तमुक" अशी कितीतरी नावं. तो नुसता सोडून द्या, म्हणजे झाडात त्याचं पान होऊ देऊ नका, आजूबाजूचे शब्द तसेही दोन्ही लागणारच आहेत, उत्तर तेच येतं. भांडण सुरूच होत नाही.

आता "कादंबरी नको". इंग्रजीत नाही म्हणायचा शब्द आधी येतो, नॉट नॉव्हेल, म्हणून सगळे नमुने तसेच लिहिलेले असतात, आधी नकार पाहा मग शब्द घ्या. आपण आधी वस्तू सांगतो, मग नको म्हणतो. कादंबरी नको, कविता सोडून, अनुवाद वगळून. याला पोस्टफिक्स ऑपरेटर म्हणतात, मागून लागणारा, आणि करायला काहीच जड नाही: "एक" वाल्या फंक्शननं मूळ शब्द घेतल्यावर पुढे एकदा डोकावायचं, "नको", "सोडून", "वगळून" यापैकी काही उभं असेल तर ते गिळायचं आणि आत्ताच घेतलेल्या शब्दाला "नाही" च्या गाठीत गुंडाळायचं. पुढे-मागे, दोन्हीकडून लागणारे बरेच ऑपरेटर झाले तर व्हॉन प्रॅट यांची १९७३ ची पद्धत पाहा, प्रत्येक ऑपरेटरला पकडीचा एक आकडा द्यायचा आणि एकाच लूपमध्ये सगळं, फार नेटकी आहे.

एक जागा अवघड आहे आणि तिथं तुम्हाला निवड करावीच लागेल. "ऐतिहासिक कादंबरी नको" यात नको कशाला लागला? फक्त कादंबरीला, म्हणजे ऐतिहासिक पाहिजे पण कादंबरी नको, की दोन्ही शब्द मिळून? मी नेहमी लगेच आधीच्या एकाच शब्दाला लावते, आणि ज्याला दोन्ही पाहिजेत त्यानं अवतरण किंवा कंस टाकावा. पण हे गुपचूप करू नका. झाडावरून परत मराठी वाक्य काढता येतं, जसं एसक्यूएल काढलं तसंच, आणि ते रिझल्टच्या वर दाखवा: "शोधलं: ऐतिहासिक, कादंबरी सोडून". वाचनालयात काउंटरवरची बाई पण असंच करते नं, आपण काही मागितलं की आधी परत म्हणून दाखवते, मग कपाटाकडे जाते. चूक झाली असेल तर वाचकाला तिथल्या तिथं दिसते आणि तो शब्द बदलून पुन्हा टाकतो, तुम्हाला फोन करावा लागत नाही.

आणि फक्त "-कादंबरी" एवढंच टाकलं तर? एसक्यूएलवर कादंबऱ्या सोडून सगळी पुस्तकं येतील. नुसत्या ल्युसीनवर काहीच येणार नाही, कारण तिथं "नाही" ची अट ही मिळालेल्या यादीतून वगळते, आणि यादीच नाही तर वगळणार कशातून. त्याला आधी "सगळी पुस्तकं" असं एक पान जोडून द्यावं लागतं.

प्रश्न : कंस उघडला आणि बंदच केला नाही, असं कोणी टाकलं तर एरर दाखवावी का?
— एक वाचक, वाडी

उत्तर : नाही. हे मी जोर देऊन सांगते. कोड लिहिणाऱ्याला एरर दाखवावी, शोधणाऱ्याला नाही. मोबाईलवर, ऑटोत बसून, एका हातानं खोली शोधणाऱ्या पोरीला "सिंटॅक्स एरर, स्थान १७" दाखवून तिनं काय करायचं? उघडलेला कंस ओळ संपली की बंद झाला असं समजा. आधी उघडलाच नाही आणि बंद केला, तो सोडून द्या. अवतरण उघडंच राहिलं तर शेवटपर्यंतचा मजकूर अवतरणात. पार्सर कुठंही अडकलाच तर अख्खी ओळ साधे शब्द समजून शोधा, काहीतरी मिळू द्या.

फक्त दोन जागी कडक राहा. ओळीची लांबी, समजा ३०० अक्षरं, आणि कंसात कंस किती खोल, समजा २०. कोणी मुद्दाम हजारो कंस टाकले तर परत परत बोलावणारी ती फंक्शनं स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेली बोलावणी लक्षात ठेवायची जागा, भरून सर्व्हर पाडू शकतात. ल्युसीनमध्येसुद्धा एका क्वेरीत कलमांची मर्यादा आहे, मुळात १०२४.

प्रश्न : एवढं सगळं करण्यापेक्षा एक मोठं रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं तर नाही का चालणार? ऑफिसात सिनिअर तसंच म्हणतात.
— एक वाचक, जयताळा

उत्तर : तुकडे करायला चालेल. झाडाला नाही. कंसात कंस, त्याच्यात अजून कंस, ही जोडी मोजायला मनात एक हिशेब ठेवावा लागतो, आणि खरं रेग्युलर एक्स्प्रेशन तो हिशेब ठेवू शकत नाही, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे, नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्येच भाषांच्या नियमांचे थर वेगळे करून दाखवले होते आणि एकात एक बसणारे कंस रेग्युलरच्या वरच्या थरात येतात. काही इंजिनांत रिकर्शनची सोय घातली आहे, पण जावास्क्रिप्टच्या इंजिनात नाही. सिनिअरना वाद घालून पटवू नका. त्यांच्या एक्स्प्रेशनला ही ओळ द्या आणि सोबत बसून काय निघतं ते पाहा: ((धरमपेठ किंवा बर्डी) वनबीएचके) किंवा (मानेवाडा -(ब्रोकर किंवा पीजी)). आणि ही ओळ तुमच्या टेस्टमध्येही टाका, सोबत रिकामी ओळ, नुसता मायनस, नुसता "किंवा", एक उघडा कंस आणि "दुसऱ्या मजल्यावर" दोन्ही प्रकारे टाईप केलेलं.